गाडीचा तोल : होळकरांच्या ड्यूसनबर्गपासून पालखी मार्गापर्यंत



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी घरी येऊन आम्हाला विचारलं, "सर, जन्मभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, आणि आता पंचाहत्तरीच्या घरात हे स्पोर्ट्स कारचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याची दोन उत्तरं आहेत. एक आत्ता देतो. दुसरं जड आहे, ते नंतर.

पहिलं उत्तर असं, की आमचे मेहुणे कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात फिटर होते. सुट्टीत आमच्याकडे आले की वाळवंटात फिरायला जाण्याऐवजी आमच्या गाडीखाली शिरायचे. त्यांच्याकडून आम्ही एक भाषा शिकलो. ते म्हणत, "दाजी, ही गाडी रोड पकडते. ती दुसरी आहे ना, ती ऐंशीला हलकी पडते. आणि ती पांढरी वळणात शेपूट टाकते." आम्ही मनात म्हणायचो, अरे, हा माणूस गुणांबद्दल बोलतोय! द्रव्य एकच, मोटार; पण तिच्यात राहणारे गुण वेगळे, आणि ते याच्या हाताला कळतात. आमच्या विद्यार्थ्यांना गुण म्हणजे काय हे सांगता सांगता तास संपायचा, इथे एक फिटर ते गाडीखाली पडल्या पडल्या सांगत होता.

वैशेषिकांचं थोडं सांगतो, कंटाळू नका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रशस्तपादांनी गुण चोवीस मोजले. त्यांत 'संस्कार' नावाचा एक गुण आहे आणि त्याचे प्रकार तीन : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेत राहतो तो. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की जागेवर येते, तिच्यातला गुण. आजच्या भाषेत स्प्रिंग. आणि भावना म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, ज्यातून पुढे आठवण होते, ओळख पटते. आता या तिन्हींना एका खणात का घातलं, असं विद्यार्थी आम्हाला दरवर्षी विचारायचे. बाण, फांदी आणि आठवण यांचा संबंध काय? वर्गात आम्ही पुस्तकी उत्तर द्यायचो. खरं उत्तर आम्हाला स्टेअरिंगमागे बसल्यावर मिळालं. मोटार वळणात घालताना याच तीन गोष्टींचा हिशेब असतो : गाडीचा वेग, तिच्या स्प्रिंगा, आणि चालवणाऱ्याच्या हातात मुरलेला अनुभव. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास एवढाच, की गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत यातला तिसरा भाग हळूहळू माणसाच्या हातातून निघून यंत्रात कसा गेला.

सुरुवात मात्र बैलगाडीपासून करू, कारण वजनाच्या वाटपाचा प्रश्न आपल्या लोकांना मोटारीच्या आधीपासून ठाऊक होता. गाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसायला लागतो. त्याला आपल्याकडे 'गाडी उलाळ झाली' म्हणतात. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी धुरेला जड होते, बैलांच्या मानेवर बसते. भरणारा जाणता असेल तर तो पोती आखाच्या थोडी पुढे रचतो. थोडंसंच पुढे. हे 'थोडंसं' म्हणजे काय, याचा शोध घेण्यात पुढे युरोप-अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांची पन्नास वर्षं गेली. उलाळ हा शब्द आम्ही आज जरा ताणून वापरणार आहोत, म्हणजे वळणात मागची बाजू बाहेर फेकली जाते त्यालाही. शब्दाचे मालक रागावणार नाहीत अशी आशा.

आता आपल्या गावातून निघू. महाद्वार घाटाकडे होळकर वाडा आहे, अहिल्यादेवींनी बांधलेला. तुमच्यापैकी अनेकजण रोज त्यावरून जात असाल. त्याच घराण्यात पुढे यशवंतराव दुसरे होळकर झाले. जन्म १९०८ चा, शिक्षण ऑक्सफर्डला, रसिक मनुष्य. माणिकबाग राजवाडा त्यांनी एका तरुण जर्मन वास्तुकाराकडून, एकार्ट मुथेसियसकडून, अगदी नव्या पद्धतीने करून घेतला. मोटारींचा शौक जबर. १९३० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूसनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन माणसांची उघडी बॉडी चढवली. दोन माणसांची, हे लक्षात ठेवा, कारण चासीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर होतं सुमारे ३.९ मीटर. आजच्या साध्या मोटारीत ते अडीच मीटरच्या आसपास असतं. आठ सिलिंडर एका रांगेत, इंजिन ६.९ लिटरचं, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. त्या काळात या आकड्यांनी माणसं थक्क होत.

ही गाडी सरळ रस्त्यावर कशी चालत असेल ते तिच्या रचनेवरूनच सांगता येतं. लांब गाडी, जड गाडी, वजन बरंचसं पुढे. अशी गाडी रेल्वेसारखी नाकासमोर जाते. वळायला मात्र तिला आग्रह करावा लागतो. आणि तिचा खरा शत्रू तिच्या पुढच्या आखात होता. त्या काळच्या बहुतेक गाड्यांसारखा पुढचा आख एकसंध दांडा होता, दोन्ही चाकं त्याच्या दोन टोकांना, वर पाट्यांच्या स्प्रिंगा. डावं चाक दगडावर चढलं की आख तिरका होतो, म्हणजे उजवं चाकही तिरकं होतं. आता भोवरा आठवा. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूला कलवलं की तो भलत्याच बाजूला वळतो. वेगात फिरणारं चाक म्हणजे भोवराच. ते कललं की वळायला बघतं, वळलं की कलायला बघतं, आणि दोन्ही चाकं एकमेकांना ही खोड लावतात. अशा वेळी हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागतं, कधी झटके देतं. इंग्रजीत याला शिमी म्हणत. मोठी, ताकदवान, महागडी गाडी आणि मालकाच्या मनगटांची परीक्षा. त्या परीक्षेतून मालकाची 'भावना' तयार होत असे, हेही खरं.

याच वर्षांत मॉरिस ऑली नावाचा एक इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅककडे आला होता. त्याने एका गाडीच्या पुढच्या-मागच्या टोकांना वजनं लावायची, काढायची, सरकवायची आणि दर वेळी बसून बघायचं, असे प्रयोग केले. बैलगाडीत पोती रचणाऱ्याचंच काम, फक्त मोजून मापून. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी करायला हवीत. १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने ती सुटी केली. दुसरी म्हणजे दोन संज्ञा, ज्या आज कुठलाही मोटारप्रेमी पोरगा तुम्हाला ऐकवील : अंडरस्टिअर आणि ओव्हरस्टिअर. आपण हात फिरवतो त्यापेक्षा गाडी कमी वळते, पुढची चाकं बाहेर सरकतात, ती पहिली. गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळते, मागची चाकं बाहेर सरकतात, ती दुसरी. आमच्या भाषेत पहिली धुरजड आणि दुसरी उलाळ. पहिलीत माणूस घाबरतो, पाय काढतो, आणि वेग कमी झाल्यावर गाडी बहुधा परत वळायला लागते. दुसरीत माणूस घाबरतो, पाय काढतो, आणि नेमकं त्या पाय काढण्यानेच गाडी गरकन फिरते. म्हणजे घाबरण्याची शिक्षा. हा फरक कृपा करून डोक्यात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

मधल्या काळात आपल्याकडे काय होतं? सोलापूरचेच वालचंद हिराचंद. १८८२ चा जन्म. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि मग पद्मिनी निघाली. पद्मिनी स्पोर्ट्स कार नव्हती, तरुण मंडळींनी हसू नये. पण चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर ज्या शर्यती होत, तिथे फेरफार केलेल्या फियाटाही पळत. ज्या पिढीला जे मिळालं ते तिने पळवलं. आमची पद्मिनी जुनी घेतलेली. पुढची चाकं सुटी, ऑलीच्या कृपेने म्हणा. मागे मात्र एकसंध आख आणि पाटे. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. मोहोळवरून सोलापूरला जाताना ऐंशीला ही गाडी सगळं बोलायची. दरवाजे बोलायचे, काचा बोलायच्या, स्टेअरिंगमधून रस्त्यावरची खडी मोजता यायची. शंभराला तर मंडळी पदर खोचून बसायची. तिचा तोल फार मोठा नव्हता, पण तो संपत आला की ती आधी चार वेळा कळवायची. आम्ही जिवंत आहोत याचं श्रेय आमच्या कौशल्यापेक्षा तिच्या या बोलकेपणाला जास्त आहे.

एवढ्यावरून 'जुनं ते सोनं' असं आम्ही म्हणतोय असा समज करून घेऊ नका. जुन्या गाड्यांनी माणसं पुष्कळ मारली आहेत. आणि याचा उत्तम दाखला म्हणजे जर्मनीची पोर्शे ९११. पिढ्यांची तुलना करायची तर हिच्याइतकं चांगलं उदाहरण जगात नाही, कारण साठ वर्षं तिने एक चूक सोडली नाही आणि साठ वर्षं त्या चुकीवर उपाय केले. तत्त्वज्ञानात असे संप्रदाय पुष्कळ आहेत; त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे.

चूक अशी : इंजिन मागच्या आखाच्याही मागे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी दाखवली, १९६४ पासून विक्री. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन शेपटाला लटकवलेलं. म्हणजे कारखान्यातूनच उलाळ! याचे फायदेही आहेत. मागच्या चाकांवर भार असल्याने निघताना ती मुळीच घसरत नाही, पुढे हलकी असल्याने स्टेअरिंग सजीव वाटतं, नाक चटकन वळतं. पण वळणात चालवणाऱ्याने मध्येच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपटाचं ते जड इंजिन गोफणीतल्या धोंड्यासारखं बाहेर निघतं. पहिल्या वर्षांत कंपनीने चक्क पुढच्या बंपरमध्ये वजनं घातली. पोती पुढे सरकवायला जागा नव्हती, म्हणून नवी पोती ठेवली. मग १९६९ च्या मॉडेलला खरा उपाय केला : इंजिन होतं तिथेच ठेवून मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली. दोन-सव्वादोन इंच! आणि बॅटरी एकाऐवजी दोन करून पुढे दोन कोपऱ्यांत बसवल्या. एवढ्याने गाडीचा स्वभाव बदलला. हे वाचलं तेव्हा आम्हाला आखाच्या 'थोडीशी' पुढे पोती रचणारा गाडीवानच आठवला.

मग वाऱ्याचा प्रश्न आला. मोटारीचा वरचा भाग फुगीर आणि खालचा सपाट, त्यामुळे वेगात वरून जाणारी हवा तिला वर उचलायला बघते. हे उचलणं वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ६० ला जेवढं, १२० ला त्याच्या चौपट, १८० ला नऊपट. म्हणजे शहरात जे अस्तित्वातच नाही असं वाटतं ते महामार्गावर मालक होऊन बसतं. ९११ ची पाठ उतरती, सुंदर, आणि म्हणूनच वाईट : हवा तिला चिकटून खालपर्यंत येते आणि मागची चाकं हलकी करते. १९७२ साली आलेल्या कॅरेरा आरएस २.७ ला त्यांनी मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटासारखा एक उंचवटा दिला. दिसायला विनोदी. पण त्याने मागचा उचल खूपच कमी झाला आणि गाडी वेगात रस्ता धरून राहायला लागली. लोकांना वाटतं स्पॉयलर शोभेसाठी असतो. आपल्या गल्लीतल्या गाड्यांवर असतो तो शोभेसाठीच असतो, हे खरं.

पुढे टर्बो आली, १९७५ च्या आसपास. २६० अश्वशक्ती, आणि ती पाय दाबल्या दाबल्या येत नसे. क्षणभर थांबून एकदम येई, बहुधा वळणाच्या मध्यावर. तिला 'विधवा करणारी' असं नाव पडलं होतं. १९८९ च्या पिढीत टॉर्शन बार जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली, एबीएस आलं, आणि ठरावीक वेगाला आपोआप वर येणारा स्पॉयलर आला. १९९३ च्या पिढीत मागची चाकं अनेक दुव्यांनी अशी टांगली, की पाय उचलला तरी शेपूट सहजासहजी निघत नाही. जाणकार याला फार मोठा टप्पा मानतात, आणि आम्हीही मानतो. २०११ च्या पिढीत दोन आखांमधलं अंतर आणखी १०० मिलिमीटरने वाढवलं, इंजिनच्या तुलनेत चाकं आणखी मागे गेली. आणि स्टेअरिंगची मदत विजेची झाली. इथे जुने भक्त रुसले. म्हणाले, गाडी उत्तम आहे, पण हाताला काही सांगत नाही. हा रुसवा लाडावलेल्या लोकांचा म्हणून सोडून देऊ नका. प्रशस्तपादांनी भावना कशाने पक्की होते त्याची कारणं दिली आहेत : पटु म्हणजे तीक्ष्ण अनुभव, अभ्यास आणि आदर. स्टेअरिंग मुकं झालं म्हणजे त्यातलं पहिलं कारण गेलं.

आता एक गोष्ट सांगतो जिने सगळ्या मोटारजगाला हलवलं. १९९८ साली ऑडीने टीटी नावाची छोटी स्पोर्ट्स कार आणली. पुढून गोल, मागून गोल, एक रेघ जास्त नाही. बाऊहाउस शैलीशी तिची तुलना होते. यशवंतराव होळकर असते तर माणिकबागेच्या दारात त्यांनी ती नक्की उभी केली असती. पण तीच गोल पाठ! जर्मनीच्या वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यांवर, फार वेगात लेन बदलताना किंवा वळणात पाय उचलताना, या गाड्या मागून सुटायला लागल्या. अपघात झाले, माणसं गेली. कंपनीने गाड्या परत बोलावल्या, मागे एक छोटा स्पॉयलर लावला, निलंबनात बदल केले आणि ईएसपी बसवलं. निर्दोष रेघेवर ती पट्टी बसवताना रेखाटनकारांना काय वाटलं असेल! २००६ च्या दुसऱ्या पिढीत स्पॉयलर झाकणात लपवला, वेग वाढला की तो आपोआप वर येतो. शिवाय बॉडी पुढे ॲल्युमिनियमची आणि मागे मुद्दाम पोलादाची केली, वजन थोडं मागे जावं म्हणून. बघा, इथे इंजिन पुढे म्हणून पोती मागे सरकवली. प्रश्न तोच.

ईएसपी म्हणजे काय ते नीट सांगितलं पाहिजे. बॉश आणि मर्सिडीज यांनी १९९५ साली ते प्रथम बाजारात आणलं. गाडीत एक संवेदक स्टेअरिंग किती वळलंय ते बघतो, दुसरा गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय ते बघतो. माणसाचा हेतू आणि गाडीची करणी यांत तफावत दिसली की यंत्र एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावतं. डाव्या वळणात शेपूट बाहेर निघालं, तर पुढचं उजवं चाक क्षणभर अडवतं आणि गाडी सरळ होते. माणसाला चारही चाकांना वेगवेगळा ब्रेक लावता येत नाही. त्याला पायाशी एकच पट्टी असते. म्हणजे इथे यंत्राने माणसाची नक्कल केलेली नाही, माणसाला अशक्य ते केलं आहे. वैशेषिकांच्या मते भावना फक्त आत्म्यात राहते; दगडात, लोखंडात राहत नाही. आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, ईएसपी ही भावना नव्हेच, तो फक्त अधिक चतुर स्थितिस्थापक आहे, वाकलेली फांदी सरळ करणारा. आम्ही वीस वर्षं त्यांच्याशी वाद घातला. आता वाटतं, त्यांचंच बरोबर असावं. यंत्र सावरतं, पण सावरल्याची आठवण कुणाच्याच हातात राहत नाही.

आपल्या मुलखात स्पोर्ट्स कार करण्याचे प्रयत्न झाले. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी फायबरच्या अंगाची, दोन आसनांची सॅन स्टॉर्म निघाली. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रियांची अवंती आली, इंजिन मध्यावर ठेवलेली. हौस खरी, पण एका गाडीची दुसरी, तिसरी पिढी होण्याइतका धीर कुणाला मिळाला नाही, आणि पिढ्या झाल्याशिवाय चुका दुरुस्त होत नाहीत. कसोटीची जागा मात्र आता झाली आहे, तीही होळकरांच्या इंदूरपासून जवळ, धारच्या पवारांच्या जुन्या मुलखात पिथमपूरला. ११.३ किलोमीटरचा लंबगोल वेगमार्ग. जून २०२१ मध्ये आपल्याच प्रकाश जावडेकरांनी, ते अवजड उद्योग मंत्री असताना, त्याचं उद्घाटन केलं. वळणं आतल्या बाजूला कललेली, म्हणजे वाहन तिथे वेगाच्या जोराने बाहेर न फेकलं जाता रस्त्यावर दाबलं जातं. नव्वद वर्षांपूर्वी महाराजांना जी परीक्षा स्वतःच्या मनगटांनी द्यावी लागली असती, ती आता तिथे गाडी विकायच्या आधी होते.

पण आपली आजची परीक्षा वेगळ्याच रस्त्यावर चालू आहे. पालखी मार्ग. माउलींची आणि तुकोबांची पालखी ज्या वाटेने येते त्या वाटा आता चौपदरी महामार्ग झाल्या आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांचं भूमिपूजन झालं. आमच्या लहानपणी तिथे बैलगाड्यांची चाकोरी होती. आता साधी, घरगुती गाडी तिथे शंभर-एकशेदहाने जाते, आणि आत बसलेल्याला साठ वाटतात. काच मिटलेली, गाणं चालू, स्टेअरिंग विजेचं. साठ सालच्या स्पोर्ट्स कारला जे वेग अभिमानाचे होते ते आज आपल्या भाजी आणायच्या गाडीला सहज आहेत. म्हणून हा विषय शौकिनांचा राहिलेला नाही.

आता दुसरं उत्तर.

आमचा एक जुना विद्यार्थी, इथेच बुक्क्याचं दुकान आहे त्यांचं. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गावाकडे येताना वाखरीच्या अलीकडे त्याची गाडी वळणात फिरली आणि दुभाजकावर गेली. मुलगा गेला. तेराव्यानंतर हे आमच्याकडे आले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, तुम्हाला गाड्यांतलं कळतं. गाडी चांगली होती ना हो?" आम्ही म्हणालो, चांगली होती. ते खरंच होतं. नव्या पिढीची गाडी, एबीएस होतं, ईएसपी त्या प्रतीत नव्हतं.

पण नंतर गाडी आणून ठेवली होती तिथे आम्ही गेलो होतो. पुढचे दोन टायर नवे होते. मागचे दोन गुळगुळीत. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून माणूस नवे घेतो ते पुढेच टाकतो. स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, तेव्हा चांगलं ते पुढे, हे सरळ वाटतं. आणि ते चूक आहे. कोरड्या रस्त्यावर काही कळत नाही. पाण्यात पुढची चाकं रस्ता धरतात, मागची पाण्यावर तरंगतात, आणि मुळात धुरजड असलेली, सुरक्षित केलेली गाडी आपण आपल्या हातांनी उलाळ करून ठेवतो. पोर्शेने साठ वर्षं घालवून जे काढून टाकलं ते आपण दोन टायरांत परत घालतो. वळणात समोर काही आलं असेल, कुत्रं, ट्रॅक्टर, काहीही; मुलाने पाय उचलला असेल. कुणीही उचलतो. नक्की काय झालं ते सांगायला कुणी नाही. पण मागची बाजू आधी गेली हे रस्त्यावरच्या खुणा सांगत होत्या.

हे आम्ही त्यांना सहा महिने सांगितलं नाही. टायर बदलताना दुकानदाराला "पुढे टाक" कुणी सांगितलं होतं ते आम्हाला कळलं होतं. ते त्यांनीच सांगितलं होतं. गावी आलेल्या मुलाची गाडी बापाने कौतुकाने नेली होती. सत्य सांगावं की नाही यावर आम्ही तीस वर्षं वर्गात बोललो, आणि प्रसंग आला तेव्हा सहा महिने त्यांच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलत होतो. शेवटी त्यांनीच गाठलं. कुठल्याशा टायरवाल्याने त्यांना अर्धवट काही सांगितलं होतं. म्हणाले, "सर, खरं काय ते तुम्ही सांगा." आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मागचे पुढे आणि पुढचे मागे करायला किती वेळ लागतो?"

पाऊण तास, आम्ही म्हणालो.

थोड्या वेळाने म्हणाले, "व्याख्यानमालेत दरवर्षी काहीतरी बोलता ना, यंदा हे बोला. माझं नाव घेऊ नका." ते आज आलेले नाहीत, एकादशी तोंडावर आहे, दुकानात गर्दी असते.

तेव्हा शेवटी पुस्तकातलं काही न सांगता मेहुण्यांचं सांगतो, ते आता नाहीत. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर नवे मागे, आणि मागचे बरे असतील ते पुढे. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, ते आमच्यावरून समजून घ्या.

आता प्रश्न घेऊ. त्याआधी एक. आत येताना आवारात लावलेल्या गाड्यांचे मागचे टायर आम्ही बघत आलो. करड्या रंगाची एक आणि निंबाखाली लाल एक, अशा दोन गाड्यांबद्दल बोलायचं आहे. मालकांनी जाण्याची घाई करू नये, चहा आहे.